ल्यूसी री : चाकावरचे पोर्सेलिन

केओलिन, फेल्स्पार व गारेची पूड यांच्या मिश्रणापासून पोर्सेलिनची माती सिद्ध होते. भट्टीत सुमारे १,२५० ते १,३०० अंश सेल्सिअस उष्णता मिळाली की ती काचेसारखी घट्ट होते आणि भांड्याची भिंत पातळ असल्यास तिच्यातून प्रकाशही झिरपतो. परंतु या मातीला लवचीकपणा कमी. चाकावर भिंत उंच नेऊ लागताच ती खचते; वाळताना तडकते, भाजताना वाकते. म्हणून कारखान्यांत ती बहुधा साच्यांत घालतात. अशी माती चाकावर स्वतः हाताळणाऱ्या कलावंतांत ल्यूसी री (१९०२–१९९५) यांचे स्थान फार वरचे आहे.

त्यांचा जन्म व्हिएन्नातील एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील कलाशाळेत मिखाएल पोवोल्नी यांच्या हाताखाली त्या शिकल्या. १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्या लंडनला आल्या आणि हाइड पार्कजवळच्या एका लहानशा घरात त्यांनी कार्यशाळा थाटली. युद्धकाळात मातीची बटणे करून त्यांचा चरितार्थ चालला.

इंग्लंडमध्ये तेव्हा बर्नार्ड लीच यांचा शब्द प्रमाण मानला जाई. जपानमध्ये कुंभारकाम शिकलेल्या लीच यांना भारदस्त घडण प्रिय होती. ल्यूसी यांची भांडी त्यांना फार पातळ वाटली. त्यांच्या वळणाने काम करण्याचा ल्यूसी यांनी काही काळ प्रयत्नही केला. १९४६ मध्ये हान्स कोपर हा निर्वासित तरुण मदतीला आला. आपल्याच वाटेने जावे, हे त्याने त्यांना आग्रहाने सांगितले.

१९४८ मध्ये उच्च तापमानाची विजेची भट्टी आली आणि पोर्सेलिनचा मार्ग मोकळा झाला. अरुंद बुडाचे, वर उमलत गेलेले वाडगे त्या घडवू लागल्या. एव्हबरी येथे पाहिलेल्या प्रागैतिहासिक भांड्यांवरील रेषांवरून स्फूर्ती घेऊन त्या गडद लेपावर सुईने बारीक रेघा कोरीत. सामान्यतः भांडे एकदा भाजून मग त्याला झिलई देतात व पुन्हा भाजतात. ल्यूसी मात्र कच्च्या भांड्यावरच कुंचल्याने झिलई चढवून ते एकदाच भाजीत. यात धोका होता. कारण कच्ची, पातळ भिंत झिलईतले पाणी शोषून ढासळू शकते. पण त्यामुळे माती व झिलई भट्टीत एकजीव होत.

१९९० मध्ये आलेल्या पक्षाघाताने त्यांचे काम थांबले. पुढच्याच वर्षी ब्रिटनने त्यांना ‘डेम’ हा किताब दिला. तोवर त्यांच्या भांड्यांचा पातळपणा हाच त्यांच्या कलेचा विशेष म्हणून मान्य झाला होता.