सुखाची बेरीज करता येईल का?

सालेकसा तालुक्यातील धानाच्या शेतीचे एक उदाहरण घेऊ. समजा, तलावाखाली अगदी सारख्या दोन बांध्या आहेत आणि पाण्याच्या एकूण दहा पाळ्या मिळणार आहेत. पहिल्या पाळीने करपणारे पीक वाचते, पुढच्या पाळ्यांनी दाणा भरतो. दहाव्या पाळीने मात्र फारसा फरक पडत नाही. म्हणून सगळे पाणी एकाच बांधीला देण्यापेक्षा पाच-पाच पाळ्या वाटून दिल्या, तर एकूण धान जास्त होते. वाढत्या पाण्याबरोबर प्रत्येक पाळीचा लाभ घटत जातो, हे त्याचे कारण.

सुखाचाही असाच हिशेब मांडता येईल का? इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथॅम यांनी १७८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तसा प्रयत्न केला. सुखदुःखाची तीव्रता, कालावधी, खात्री लक्षात घेऊन बेरीज-वजाबाकी करावी, असे त्यांचे म्हणणे होते.

पहिली अडचण मापाची. धान खंडीने मोजता येते. सुखाचे माप कोणते? १९६५ मध्ये हॅडली कॅन्ट्रिल यांनी शिडीची कल्पना मांडली. सर्वांत वाईट आयुष्य म्हणजे शून्य, सर्वांत चांगले म्हणजे दहा. आपण कोणत्या पायरीवर आहोत ते ज्याने त्याने सांगायचे. पण माझी सहावी पायरी आणि तुमची सहावी पायरी सारखीच कशावरून? शिवाय माणूस सवयीने बदलतो. अमेरिकेतील १९७८ च्या एका छोट्या अभ्यासात लॉटरीचे २२ विजेते इतरांपेक्षा लक्षणीय सुखी आढळले नाहीत.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. तीन मुलांचे सुख ९, ९ आणि ० असेल, तर बेरीज १८ होते. ५, ५, ५ असेल तर १५. निव्वळ बेरीज पहिली वाटणी निवडते! पाण्याचा नियम इथे मदतीला येत नाही, कारण हे आकडे पाण्याचे नाहीत, सुखाचेच आहेत.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त या सुखवादाची सविस्तर तपासणी केली आहे. केवळ बाह्य परिणाम मोजून कर्माची नीतिमत्ता ठरत नाही, कर्त्याची बुद्धीही पाहावी लागते, असा त्यांचा आक्षेप होता.

तेव्हा ‘सुख जास्तीत जास्त करा’ हे सूत्र अपुरे आहे. गणितात महत्तम मूल्य काढण्यापूर्वी कशाचे, हे ठरवावे लागते: बेरजेचे, की सर्वांत मागे राहिलेल्याच्या वाट्याचे? वरील दोन वाटण्या फळ्यावर मांडा आणि मुलांना निवड करू द्या. मात्र शून्य कोणाच्या वाट्याला येणार, हे निवड झाल्यावरच सांगा.