पडद्याने तारलेला संगीतकार

१९२२ साली वडील वारले, तेव्हा दिमित्री शोस्ताकोविच अवघा पंधरा वर्षांचा होता. घर चालवायचे तर कमाई हवी! संगीतविद्यालयात शिकता शिकताच हा पोरगा पेट्रोग्राडच्या—आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या—चित्रपटगृहांत मूकपटांना पियानोची साथ करू लागला. कामाचा त्याला मनस्वी कंटाळा. पण पडद्याशी पडलेली गाठ जन्मभर सुटली नाही. १९२९ साली त्याने ‘न्यू बॅबिलॉन’ या मूकपटाला संगीत दिले.

पुढे दिवस फिरले. १९४८ साली सरकारची इतराजी झाली. प्राध्यापकी गेली, अनेक रचनांवर बंदी आली. नुकताच पुरा झालेला व्हायोलिन कॉन्चेर्टो टेबलाच्या खणात गेला. त्या काळात चूल पेटती ठेवली ती चित्रपटांनीच. स्टालिनचे गोडवे गाणाऱ्या ‘बर्लिनचा पाडाव’लाही त्याने संगीत दिले.

ही लाचारी का? वाचकांनीच ठरवावे. मात्र ठरवण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे : स्टालिन १९५३ मध्ये गेला आणि १९५५ मध्ये तो कॉन्चेर्टो खणातून बाहेर आला! पडद्यासाठी त्याने पुष्कळ लिहिले. पण खणातले कधी विकले नाही.