रस्त्यावरील जागेचे मोल

हुबळी व धारवाड यांची १९६२ साली एक महापालिका झाली. मधले सुमारे वीस किलोमीटरांचे अंतर मात्र कायम राहिले. ते जलद कापता यावे म्हणून स्वतंत्र मार्गिकेवरून धावणारी ‘चिगरी’ बससेवा २०१८ साली प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. २०२० च्या फेब्रुवारीत तिचे रीतसर उद्घाटन झाले. तरीही एकट्या माणसाला घेऊन मोटारी बाजारात येतच आहेत. असे का व्हावे?

माझ्या मते याचे उत्तर बसमध्ये नसून मोटार उभी राहते त्या जागेत आहे. उभी मोटार सुमारे बारा चौरस मीटर जागा अडवते. दुर्गद बैलसारख्या दाटीच्या पेठेत एवढ्या जागेसाठी दुकानदार भाडे मोजतो. मोटारवाल्यास ती फुकट मिळाली, तर त्याने बसने का यावे? अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ सालच्या ग्रंथात दाखवून दिले की, अशा फुकट जागेचा खर्च अखेर पायी चालणाऱ्यावरही पडतो.

त्यांनी सुचविलेला उपाय साधा आहे. प्रत्येक रस्त्यावर एक-दोन जागा सदैव मोकळ्या राहतील इतका आकार घ्यावा आणि ते उत्पन्न त्याच रस्त्याच्या पदपथांवर खर्चावे. थांब्यापासून पेठेपर्यंतची वाट अशी सुकर झाली, तरच बसचा प्रवास खऱ्या अर्थाने पूर्ण होईल.