खाऱ्या समुद्रात गोड्या विहिरी

आम्हा नागपूरकरांचा जलप्रवास म्हणजे बहुधा तलावातली एखादी फेरी. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात सहलीच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसलो, तेव्हा निम्म्या मुलांनी समुद्र प्रथमच पाहिला होता. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा होता. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये या किल्ल्याचे काम सुरू केले व १६६७ मध्ये ते पूर्ण झाले.

होडी काही सरळ किल्ल्याकडे जाईना. वाटेत जागोजाग खडक. काही पाण्यावर डोके काढलेले, तर काही पाण्याखाली दडलेले. तांडेल त्यांना वळसे घालीत होता. भरतीच्या वेळी झाकलेला खडक ओहोटीला उघडा पडतो. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य, चंद्र व पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात आणि समुद्राला उधाण येते. तांडेलाला हे वेळापत्रक तोंडपाठ असते!

किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. तिथले पाणी गोड. एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, चोहोकडे समुद्र असून हे पाणी गोड कसे? खडक मीठ गाळून घेतो का?”

नाही. चाळणीतून साखरेचे पाणी ओतले तर साखर मागे राहते का? तसेच विरघळलेले मीठ खडक गाळू शकत नाही. हे पाणी समुद्राचे नाहीच; ते पावसाचे आहे. कोकणात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातले काही पाणी जमिनीत मुरते आणि तेथील खाऱ्या पाण्यावर चक्क तरंगते. कारण गोड्या पाण्याची घनता १.०००, तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५ आहे.

आता हिशेब करा. समुद्रसपाटीवर गोड्या पाण्याची उंची १ मीटर असेल, तर त्याखाली खोली ‘ख’ किती? दाब समान हवा. म्हणून (ख + १) × १.००० = ख × १.०२५. उत्तर येते ४० मीटर! घायबेन व हर्झबर्ग या शास्त्रज्ञांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. वालुकामय बेटावर तो चांगला जुळतो. खडकाळ बेटावर पाणी भेगांतून साठते, त्यामुळे आकडे बदलतात. तत्त्व मात्र तेच.

घरी प्रयोग करून पाहा. पेल्यात अर्ध्यापर्यंत शाई घातलेले मिठाचे दाट पाणी घ्या. त्यावर चमच्याच्या आधाराने साधे पाणी हळूच सोडा. दोन थर स्पष्ट दिसतील. आता ढवळा. थर पुन्हा वेगळे होतात का?

धोका नेमका इथेच आहे. त्याच हिशेबाने गोड्या पाण्याची पातळी १ मीटर खाली गेली, तर खालचे खारे पाणी कालांतराने ४० मीटर वर सरकू शकते. किनाऱ्यालगतच्या विहिरींवर पंप बसवून बेसुमार उपसा केला, तर त्या खाऱ्या होतात आणि पुन्हा गोड व्हायला कित्येक पावसाळे लागतात.

परतताना तोच विद्यार्थी होडीतून पाण्याकडे पाहत म्हणाला, “म्हणजे सर, विहिरीतले पाणीही आपल्यासारखेच तरंगत आहे!”