अभ्रकाची द्रव्यपरीक्षा : सिलिकेटी खनिजांतील भेद

अभ्रकभस्म सिद्ध झाल्यावर त्याची निश्चंद्रता, वारितरत्व आणि रेखापूर्णता आपण काटेकोरपणे पाहतो. या परीक्षांवरून मारणसंस्कार पूर्णत्वास गेला की नाही हे कळते; मूळ द्रव्य कोणते होते हे मात्र कळत नाही. ते खरेदीच्या वेळीच ओळखावे लागते. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्ट खडकाचा असल्याने औषधोपयोगी पत्रित अभ्रक आपल्याकडे बाहेरून येते. कोडरमा, नेल्लोर व भिलवाडा हे भारतातील प्रसिद्ध पट्टे मुख्यतः मस्कोव्हाइटचे, म्हणजे श्वेताभ्रकाचे आहेत. आपणांस हवे असते ते कृष्णाभ्रक, म्हणजे बायोटाइट. म्हणूनच अधिक सावधगिरी आवश्यक ठरते.

सर्व सिलिकेटी खनिजांचा मूळ घटक एकच : सिलिकॉनच्या एका अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू असलेला चतुष्फलक. हे चतुष्फलक परस्परांशी कसे जोडले जातात, यावर खनिजाचे भौतिक गुण अवलंबून असतात. क्वॉर्ट्झमध्ये ते तिन्ही दिशांनी घट्ट बांधलेले असतात; म्हणून त्याचे काठिन्य ७ असते, त्याला पाटन नसते आणि ते काचेसारखे शंखाकृती फुटते. फेल्स्पारचे काठिन्य ६ असून ते जवळजवळ काटकोनातील दोन सपाट पृष्ठांवर दुभंगते. हॉर्नब्लेंडमध्ये चतुष्फलकांच्या दुहेरी साखळ्या असतात. ते काळे व चमकदार असल्याने दुरून कृष्णाभ्रकाचा भास होतो. परंतु काठिन्य ५ ते ६ आणि पापुद्रे मुळीच सुटत नाहीत.

अभ्रक व संगजिरे ही दोन्ही स्तरित खनिजे आहेत. अभ्रकाचे स्तर पोटॅशियमच्या आयनांनी बांधलेले असतात. त्यामुळे सुटलेला पापुद्रा वाकवून सोडला की पुन्हा सरळ होतो. संगजिऱ्यात असा बंध नसल्याने काठिन्य केवळ १, स्पर्श साबणासारखा आणि पापुद्रा वाकवला की तसाच राहतो. हिरवट क्लोराइटचा पापुद्राही वाकतो, पण परतत नाही. ही परीक्षा विनाखर्च, क्षणात होते. बायोटाइटचे काठिन्य २.५ ते ३, तर विशिष्ट गुरुत्व साधारण २.७ ते ३.३ असते. त्यातील लोहामुळे हे गुरुत्व वाढते आणि पुटांच्या अग्नीत त्याच लोहाचे ऑक्सिडीभवन होऊन भस्मास इष्टिकेसारखा वर्ण येतो. मस्कोव्हाइटमध्ये लोह अत्यल्प असल्याने त्यापासून हा वर्ण अपेक्षिता येत नाही.

पिनाक, नाग, मंडूक व वज्र हे रसशास्त्रोक्त भेद याच दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. अग्नीवर पिनाकाचे पापुद्रे सुटतात, नाग फूत्कार करतो, मंडूक उडतो. वज्र मात्र अविकृत राहते. अभ्रकाचे अपक्षयन होऊन बनणाऱ्या व्हर्मिक्युलाइटच्या स्तरांत पाणी असते. तापविल्यावर त्याची वाफ होऊन खनिज कित्येक पट फुगते. अशा सजल द्रव्यांना वगळणारी ही अग्निपरीक्षा आजही उपयुक्त आहे. ती लोखंडी पळीत, डोळ्यांना संरक्षण घेऊन करावी.

येथे रुग्णाच्या व कामगाराच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. संगजिऱ्याच्या साठ्यांत ट्रेमोलाइटसारखी तंतुमय खनिजे आढळू शकतात आणि ॲस्बेस्टॉसचे तंतू फुफ्फुसाच्या कर्करोगास कारणीभूत होतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कचा समावेश मानवास बहुधा कर्करोगकारक अशा '२ अ' गटात केला. स्फटिकी सिलिकेची श्वसनातून जाणारी धूळ तर १९९७ पासूनच निश्चित कर्करोगकारक मानली गेली आहे. अभ्रकासोबत आलेले क्वॉर्ट्झचे खडे न निवडता कोरडेच कुटले, तर ही धूळ खलाजवळ बसलेल्या कामगाराच्या श्वासात जाते.

म्हणून औषधनिर्मात्यांनी अभ्रक चूर्णरूपात कदापि घेऊ नये. अखंड पत्रांचे ढेप घ्यावे. वर्ण, पापुद्र्याची लवचीकता, काठिन्य, गुरुत्व व अग्निपरीक्षा या क्रमाने प्रत्येक खेप तपासावी. काचेवर ओरखडा उमटविणारे खडे निवडून टाकावेत. संशय उरल्यास क्ष-किरण विवर्तन चाचणी करून घ्यावी. तंतूंची शंका असल्यास सूक्ष्मदर्शक तपासणीही आवश्यक आहे. प्रत्येक खेपेचा नमुना व परीक्षेची नोंद जपून ठेवावी. भस्माचा अपेक्षित गुण रुग्णास आला नाही, तर दोष द्रव्याचा, संस्काराचा की निदानाचा, हे ठरविण्यास त्या नोंदीवाचून दुसरा आधार नसतो.