घरून चालणारी कचेरी व तिची सुरक्षितता

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूत येथील दानलेखांत या नगरीच्या रहिवाशांचा उल्लेख येतो. येथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीचे इटलीतील पाँपेई येथील मूर्तीशी असलेले साम्यही अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. केळना नदीकाठचे हे गाव दूरच्या जगाशी एका निराळ्या रीतीने जोडले गेले ते मार्च २०२० मध्ये. टाळेबंदी झाली आणि पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतून काम करणारी मराठवाड्यातील तरुण मंडळी लॅपटॉपसह आपापल्या गावी परतली. त्यांतील काहींचे काम आजही आठवड्यातील काही दिवस कचेरीत व काही दिवस घरी, असे विभागून चालते.

टाळेबंदीपूर्वी ग्राहकसेवेची दूरध्वनी केंद्रे चालविणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांकडून घरून काम करून घ्यावयाचे झाल्यास अनामत रकमेच्या व संरक्षित जोडणीच्या अटी पाळाव्या लागत. दूरसंचार खात्याने मार्च २०२० मध्ये त्या शिथिल केल्या आणि ५ नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बहुतेक निर्बंध दूर झाले. काम सुकर झाले खरे; परंतु पूर्वी कचेरीच्या भिंती, द्वारपाल व अंतर्गत जाळे मिळून जे रक्षण करीत, ते आता कोणी करावयाचे, हा प्रश्न मागे राहिला.

या प्रश्नाचे गांभीर्य २०२२ मधील एका घटनेवरून ध्यानी येते. ग्राहकांचे परवलीचे शब्द जतन करणे हाच जिचा व्यवसाय, त्या लास्टपास या अमेरिकन कंपनीच्या एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकात चोरट्यांनी शिरकाव केला. मार्ग कोणता? चित्रपट व संगीत साठविण्याची प्लेक्स नावाची एक घरगुती आज्ञावली. तिच्यातील दोष तिच्या निर्मात्यांनी २०२० मध्येच दुरुस्त केला होता. पण ती दुरुस्ती या संगणकावर पोचलीच नव्हती. तेथून चोरट्यांनी कळफलकावरील प्रत्येक आघात टिपणारी आज्ञावली बसविली, अभियंत्याचा मुख्य परवलीचा शब्द मिळविला आणि ग्राहकांच्या साठ्याच्या प्रती नेल्या. अभियंता अडाणी नव्हता, हे विशेष. करमणुकीचे यंत्र व कामाचे यंत्र एकच असणे, एवढेच पुरेसे ठरले.

भोकरदनसारख्या गावी हा धोका अधिक निकट येतो. घरात संगणक एकच असतो; त्यावर मुलांचा अभ्यास, खेळ व कचेरीचे काम ही सारी चालतात. इंटरनेट बहुधा मोबाइलच्या रोजच्या ठराविक डेटावर अवलंबून असते. हा डेटा संपू नये म्हणून अद्ययावत करण्याची सूचना पुनःपुन्हा पुढे ढकलली जाते. यास आळस म्हणणे अन्यायाचे होईल. तो घरखर्चाचा हिशेब आहे. म्हणून कामापुरता स्वतंत्र लॅपटॉप व अद्ययावत करण्यास लागणाऱ्या डेटाचा खर्च संस्थेने सोसणे, हाच यावरील खरा उपाय होय. त्या लॅपटॉपची तबकडी कूटबद्ध असावी, म्हणजे यंत्र बसमध्ये विसरले किंवा दुरुस्तीस दुकानात गेले तरी आतील कागदपत्रे वाचता येणार नाहीत. घरच्या राउटरवर कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द तसाच ठेवू नये. सार्वजनिक वाय-फायपेक्षा स्वतःच्या मोबाइलची जोडणी पुष्कळ बरी.

दुसरा भाग ओळख पटविण्याचा. जुन्या सावकारी व्यवहारात शाहजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या परिचित गृहस्थासच देत. कागद हाती असणे पुरेसे नसे. परवलीचा शब्द हा असाच नुसता कागद आहे. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनीत चोरटे शिरले ते वापरात नसलेल्या, पण बंद न केलेल्या एका दूरप्रवेश-खात्यातून. त्या खात्यास दुसरी पडताळणी नव्हती. यास्तव प्रत्येक दूरप्रवेशास दुसरी पडताळणी हवी, आणि नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद व्हावे. ओटीपी मात्र फसव्या दूरध्वनीवरून काढून घेता येतो. “संगणक विभागातून बोलतो आहे” असे कोणी म्हटल्यास फोन ठेवून संस्थेच्या ज्ञात क्रमांकावर आपण उलट फोन करावा.

महाराष्ट्रास या विषयाचा कटु अनुभव आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ११ ऑगस्टच्या शनिवारी २८ देशांतील एटीएममधून पैसे निघत राहिले, कारण खात्यांची खातरजमा करणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरट्यांनी स्वतःची खोटी यंत्रणा उभी केली होती व ती प्रत्येक मागणीस होकार देत होती. हे घरून काम करण्यामुळे घडले नाही. पण सुटीच्या दिवशी नोंदींवर लक्ष कोणाचे, हा प्रश्न विखुरलेल्या कचेरीस रोजच पडतो.

भारतीय संगणक आणीबाणी प्रतिसाद पथकाच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशा घटनेची वर्दी, ती लक्षात आल्यापासून सहा तासांत संस्थेने द्यावयाची असते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि ती कर्मचाऱ्यावर नसून डेटा बाळगणाऱ्या संस्थेवर आहे. चुकीच्या दुव्यावर बोट पडल्याचे रात्री नऊ वाजता भोकरदनच्या मुलीच्या ध्यानी आले आणि नोकरी जाईल या भयाने तिने सकाळपर्यंत मौन धरले, तर ते सहा तास सुरू होण्यापूर्वीच चोरट्यास रात्र मोकळी मिळते. तेव्हा चूक तत्काळ कळविणाऱ्यास शिक्षा नाही, हे संस्थेने नेमणुकीच्या पत्रातच लिहून द्यावे, आणि त्याखाली रात्री उचलला जाणारा दूरध्वनी क्रमांक छापावा.