घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

मोठ्याने घोरणाऱ्याला गाढ झोप लागली आहे, असा समज घरोघरी आढळतो. वस्तुस्थिती अनेकदा याच्या उलट असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग अरुंद होतो. त्यातून जाणाऱ्या हवेने घशाचा मऊ भाग थरथरतो. तोच घोरण्याचा आवाज. हा मार्ग पूर्ण मिटला, तर श्वास थांबतो. प्रौढांमध्ये हा खंड १० सेकंद किंवा त्याहून अधिक काळ टिकतो. या विकाराला 'स्लीप अ‍ॅप्निया' म्हणतात. रक्तातील प्राणवायू घटताच मेंदू क्षणभर जागा होतो. रात्रभर हे चालते, पण रुग्णाला त्याचा पत्ता नसतो. दिवसा मात्र डुलक्या येतात आणि वाहन चालवताना त्या जिवावर बेतू शकतात.

मुलांमध्ये याचे कारण बहुधा वाढलेले टॉन्सिल्स आणि नाकामागील अ‍ॅडिनॉइड हे असते. अशी मुले पेंगण्याऐवजी चिडचिडी, चंचल होतात, अभ्यासात मागे पडतात आणि विनाकारण बोलणी खातात. शस्त्रक्रियेने बहुतेकांना आराम पडतो.

प्रौढांनी वजन घटवावे, कुशीवर झोपावे, मद्य टाळावे. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. तिने त्रास वाढू शकतो. विकार तीव्र असल्यास नाकावाटे दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे 'सीपॅप' यंत्र उपयोगी पडते. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ही पद्धत १९८१मध्ये मांडली.

घोरणाऱ्याची थट्टा करण्यापूर्वी त्याचा श्वास मध्येच अडखळतो का, हे घरच्यांनी पाहावे. तसे आढळल्यास डॉक्टरांना गाठणे हिताचे.